बॉनेटखालचा हिशेब

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खेड-शिवापूर मागे पडले, की कापूरहोळ येण्याआधी महामार्गालगत शिवरे हे गाव लागते. भोर तालुक्यातील, शिवगंगेच्या खोऱ्यातल्या या गावी आमच्या पेढीचे एक जुने गोदाम आहे. एके काळी तेथे भाताची आणि कडधान्याची पोती थप्पीला लागत. पुढे व्यापाराचे स्वरूप बदलले, गोदाम रिकामे झाले आणि एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली बाबूजींची फियाट तेवढी उरली. बाबूजींना जाऊन अकरा वर्षे झाली. गाडी विकून टाकावी असे दर दिवाळीला घरात ठरे आणि वहीपूजन आटोपले की तो विषय मागे पडे.

गेल्या वर्षी मात्र तो मागे पडला नाही. माझी मुलगी मोटार अभियांत्रिकी शिकून काही वर्षे नोकरी करून परतली होती. जुन्या गाड्या दुरुस्त करण्याची कार्यशाळा याच गोदामात काढावी, असा तिचा विचार होता. जागा घरची होती, परंतु गाडी उचलण्याची लिफ्ट, लेथ आणि इतर अवजारे यांसाठी रक्कम उभी करायची होती. त्याच सुमारास मुंबईच्या एका संग्राहकाने फियाटची छायाचित्रे पाहून चौकशी केली. त्यांनी देऊ केलेल्या रकमेत निम्मी अवजारे सहज आली असती. अटी दोनच होत्या : गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी झालेली असावी आणि बॉनेट उघडताच इंजिनाची जागा लखलखीत दिसावी.

दुसरी अट ऐकून मला हसू आले. “माणूस गाडीत बसतो, बॉनेटखाली नव्हे,” असे मी म्हणालो. त्यावर मुलगी म्हणाली, “पप्पा, तुम्ही मार्केट यार्डात पोते वरून पाहून माल घेता का?” मला उत्तर सुचले नाही. पोत्यात पोकळ टोचणी खुपसून आतला दाणा तळहातावर घेतल्याशिवाय आमच्या घराण्यात कोणी भाव बोललेला नाही.

फियाट १९६८ सालची. आज अनेकांना ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची आठवण करून देते, आणि मीही तिला मनातल्या मनात ‘टॅक्सी’च म्हणत असे. ती कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झाली. हा कारखाना १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद यांनी स्थापन केला. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या या पुरुषाने जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया या देशात घालण्याचे धाडस केले. आपल्या समाजाला हे नाव सांगण्याची गरज नाही. कुर्ल्याहून निघालेली फियाट ११०० पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने धावली, आणि मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली.

या गाडीची दुसरी बाजू मला मुलीकडून कळली. तिच्या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. असे चार सिलिंडर मिळून १०८९ घनसेंटिमीटर होतात. अगदी याच मापाच्या, याच घराण्यातल्या फियाट इंजिनावर दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत चिसितालिया या नावाच्या शर्यतीच्या गाड्या तयार झाल्या. त्या काढणारे पिएरो दुसिओ हे तुरिनचे, कापडाच्या व्यवसायात पैसा मिळवलेले उद्योजक. १९४७ साली मिल्ले मिलिया या इटलीतल्या सुप्रसिद्ध लांब पल्ल्याच्या शर्यतीत ताझिओ नुव्होलारी यांनी चिसितालिया चालवून दुसरा क्रमांक मिळवला. त्याच मालिकेतल्या ‘२०२’ या गाडीला १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या प्रदर्शनात स्थान दिले. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर जेव्हा मोटारींच्या शर्यती होत, तेव्हा इंजिनावर हात फिरवलेल्या फियाट तेथे उतरत. एका कापड व्यापाऱ्याने घडवलेली स्पोर्ट्‌स कार आणि आमची ‘टॅक्सी’ या एकाच गोत्रातल्या निघाल्या, याचे मला नवल वाटले आणि थोडी शरमही वाटली.

काम ज्येष्ठात सुरू झाले. मदतीला शिवऱ्याचेच एक वृद्ध मिस्त्री होते. वय सत्तरीला टेकलेले, तरुणपणी पुण्यात गॅरेजमध्ये काम शिकलेले. गाव त्यांना तात्या म्हणते, म्हणून आम्हीही तात्या म्हणू लागलो. मुलीने प्रथम बॅटरीची तार सोडवली. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर आणि कॉइल यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. मग रॉकेल आणि ब्रश घेऊन आम्ही तिघे बसलो. मी घरून कॉस्टिक सोडा आणला होता. तात्यांनी तो हातातून काढून घेतला. “शेठ, हेड ॲल्युमिनियमचं आहे. सोडा त्याला खाऊन टाकील,” असे ते म्हणाले. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यालाही त्यांनी मनाई केली. विजेच्या जोडांत शिरलेले पाणी आठवडाभर त्रास देते, असे त्यांचे म्हणणे.

पन्नास वर्षांचे तेल आणि धूळ मिळून जो थर बसतो, तो चिकट डांबरासारखा असतो. तो निघू लागला, तसतसे त्याखाली झाकलेले दोषही दिसू लागले. बॅटरीच्या तबकाखालचा पत्रा आम्लाने चाळणी झाला होता. पाण्याच्या पंपाच्या बुडाशी पांढुरके ओघळ होते, म्हणजे पाणी थेंबथेंब झिरपत होते. एका वायरीचे वेष्टण उंदरांनी कुरतडले होते. सर्वांत भीतिदायक होती पेट्रोलची रबरी नळी. बोटाने दाबताच ती भिजलेल्या पापडासारखी दबली. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या पद्धतीचे रबर त्याने फुगते, मऊ पडते आणि पुढे चिरते. ही नळी तापत्या एक्झॉस्टपासून वीतभरही दूर नव्हती. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “गेल्या दिवाळीला तुम्ही गाडी सुरू करून अंगणात फिरवली होती, आठवतं?” मला आठवत होते. मांडीवर माझा नातू होता.

त्या दिवसापासून या कामाकडे मी हौस म्हणून पाहणे सोडले. नुसते चमकवायचे असते, तर त्या थरावरच रंगाचा हात फिरवता आला असता, आणि ती नळी रंगाखाली तशीच राहिली असती.

नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा आणि पॅकिंग हे सारे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवले. हेडलाइटचा सगळा प्रवाह जुन्या स्विचमधून जात असे. तेथे रिले आणि स्वतंत्र फ्यूज घातले. गंजलेला पत्रा कापून नवा तुकडा जोडला, त्यावर प्रायमर आणि मग गाडीचा मूळ फिकट राखाडी रंग दिला. मुलीला रंगीत सिलिकॉनच्या नळ्या आणि क्रोमचे भाग हवे होते. तिने मागवलेला एक चकचकीत संच पेटीतच राहिला, कारण त्यातली पेट्रोलची नळी पेट्रोलसाठी योग्य असल्याचा कोणताही निर्देश तिच्यावर नव्हता. वायरी मात्र तिने इतक्या नीटस बांधल्या, की त्या पाहून मला आमच्या जुन्या मुनीमजींचे अक्षर आठवले.

रंग वाळला, सर्व जोडणी झाली, आणि चावी फिरवली तर स्टार्टर कण्हून गप्प बसला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. बॅटरी नवी होती. आम्ही दोघे तासभर वायरी तपासत राहिलो. तात्या खाटेवर चहा पीत होते. शेवटी ते उठले, इंजिन आणि चासी यांना जोडणारी जाड अर्थिंगची पट्टी सोडवली आणि तिच्याखालचा आमचा सुरेख राखाडी रंग खरवडून तेवढ्या जागी पत्रा उघडा केला. पट्टी परत आवळली. इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झाले. “सगळीकडे रंग लावून भागत नाही. काही जागा उघड्याच ठेवाव्या लागतात,” एवढेच ते म्हणाले आणि उरलेला चहा संपवायला गेले.

कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी हाती घेतला. त्याच्यावरचा थर निघाला आणि मुलगी थबकली. या गाडीला कारखान्यातून एका घशाचा सोलेक्स येत असे. येथे बसवलेला होता दोन घशांचा वेबर. त्याच्या आणि हेडच्या मध्ये बोटभर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी होती, कोणीतरी हाताने कानसून केलेली. हेडची उंची मोजली तेव्हा तीही कमी भरली. दाब वाढवण्यासाठी हेड खालून घासून घेतले होते. हे शर्यतीच्या गाड्यांवर करतात तसे काम होते. बाबूजींच्या गाडीत?

बाबूजी म्हणजे पांढरे धोतर, काळी टोपी, दुकानात सकाळी साडेआठला हजर. त्यांना मी कधी मोठ्याने हसताना पाहिले नव्हते, मग मोटार वेगाने हाकताना कोठून पाहणार? मी म्हणालो, मागच्या एखाद्या मालकाने केले असेल. परंतु गाडी बाबूजींनी नवीच घेतली होती.

तात्या जवळ आले. चष्मा पुसून त्यांनी ती पट्टी उलटसुलट पाहिली, तिच्या एका कडेवर अंगठा फिरवला आणि खाली बसले. “ही मी कानसली आहे,” ते म्हणाले. “पंधरा वर्षांचा होतो. उस्तादांनी तीन वेळा परत करायला लावली. ही कड अजून वाकडीच आहे, बघा. गाडी कुणाची, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एक तरुण शेठ संध्याकाळी दुकान बंद करून यायचे आणि रात्री दहापर्यंत स्टुलावर बसून काम बघायचे. शोलावरमला शर्यत बघून आले होते. म्हणायचे, मला शर्यतीत नाही जायचं. कात्रजचा घाट एकदा गियर न बदलता चढायचाय.”

“चढले का?” मुलीने विचारले.

“दुसऱ्या दिवशी सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते,” तात्या म्हणाले.

गोदामाच्या माळ्यावर एका लाकडी खोक्यात, मलमलच्या तुकड्यात गुंडाळलेला मूळ सोलेक्स आम्हाला दोन दिवसांनी सापडला. तो तेल लावून ठेवलेला होता. आता अडचण उभी राहिली.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम लागू केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ते लागू होतात. शुल्क वीस हजार रुपये असून नोंदणी दहा वर्षे चालते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. सर्वांत महत्त्वाची अट ही, की गाडी मूळ रूपात जपलेली असावी. चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा.

कामासाठी नेमलेल्या एजंटाने तसा मजकूर माझ्या नावाने लिहून आणला. फक्त सही बाकी होती. मी त्याला अडचण सांगितली. तो हसला. “जुना कार्ब्युरेटर सापडलाय ना? तो बसवा. हेड आतून किती घासलंय, ते कोण उघडून बघणार?” ते खरेच होते. वरून पाहून कोणालाही कळले नसते. समोर मुलीच्या कार्यशाळेचा कागद होता. लिफ्टची किंमत, लेथची किंमत आणि त्याखाली संग्राहकाने देऊ केलेला आकडा. वाचकहो, येथे लपवून काय उपयोग, मी पेन उघडले होते. मनात मी हिशेब जुळवलाही होता : गाडी आमची, काम बाबूजींचे, कोणाचे नुकसान नाही. मुलगी खिडकीपाशी उभी राहून महामार्गावरचे ट्रक पाहत होती. तिने ‘करा’ म्हटले नाही आणि ‘नको’ही म्हटले नाही.

“आधी वही बघू,” मी म्हणालो. खरे सांगायचे तर मला वेळ काढायचा होता.

पेढीच्या जुन्या वह्या त्याच माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या आहेत. संवत २०२७ ची रोजकीर्द काढली. माघ महिना, म्हणजे इंग्रजी १९७१ सालचा प्रारंभ. त्या काळी गाडी पेढीच्या कामालाही जात असे. पेट्रोल, टायर, दुरुस्ती हा सारा खर्च ‘मोटार खाते’ या नावाखाली पेढीत पडलेला दिसतो. इंजिनाचे हे कामही तेथे सहज खपले असते. दुरुस्तीचा खर्च कोणी विचारला नसता. आजोबाही वही पाहत, परंतु मोटारीतले त्यांना काय कळत होते? तरीही त्या रकमेसमोर, मारवाडी वळणाच्या बारीक अक्षरात, बाबूजींनी लिहिले होते : ‘खुद्द नावे. मोटारीचे इंजिनकाम. हौस. पेढीचा संबंध नाही.’

मुलीला ते वळण वाचता येत नाही. मी मोठ्याने वाचून दाखवले. ‘हौस’ या शब्दाशी माझा आवाज अडला. ज्या माणसाला आम्ही आयुष्यभर निर्विकार समजलो, त्याने आपली हौस वहीत मांडली होती. आपल्या नावावर, आपल्या पैशाने आणि आजोबांच्या नजरेस पडेल अशी. त्यावर ते काय बोलले असतील, हे सांगणारे आता कोणी नाही.

मुलीने माझ्या हातातले पेन घेतले आणि टोपण लावले. “पप्पा, दादाजींनी जे खुद्द नावे टाकलं, ते आपण कोरं कसं करायचं?” ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने मुंबईला दूरध्वनी करून सर्व सांगितले. संग्राहक सज्जन होते. त्यांनी खरे सांगितल्याबद्दल आभार मानले आणि सौदा सोडला. आकडा गेला. कार्ब्युरेटर बदलण्याचा प्रश्न उरला नाही. गाडीची नेहमीची नोंदणी, दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, एवढेच आता करायचे आहे. कार्यशाळा ठरल्यापेक्षा लहान सुरू झाली. लिफ्टऐवजी खड्डा खणला आणि लेथचे काम बाहेरून करून घ्यावे लागते. कर्जाचे हप्ते चालू आहेत. मी हे पश्चात्तापाने लिहीत नाही, पण अडचण आली नाही असेही म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र मुलीने स्वतःच्या मनाने केली. बॉनेटच्या आतल्या बाजूला तिने पारदर्शक आवरणात एक कागद लावला. त्यावर दोन रकाने आहेत. पहिल्यात कारखान्याने काय दिले, दुसऱ्यात कोणी, केव्हा, काय बदलले : १९७१, दोन घशांचा कार्ब्युरेटर, हाताने केलेली पट्टी, हेड घासले. त्याखाली आम्ही बदललेल्या नळ्या, रिले, फ्यूज आणि पत्र्याचा नवा तुकडा. तात्यांनी तो कागद वाचून घेतला आणि पट्टीची एक कड वाकडी असल्याचेही लिहायला लावले.

कार्तिकात एका पहाटे आम्ही तिघे जुन्या कात्रजच्या घाटात गेलो. गाडी मुलीने चालवली. तात्या पुढे बसले होते, मी मागे. गियर न बदलता घाट चढला की नाही, हे मी येथे लिहीत नाही, कारण बोगद्याच्या अलीकडे एका वळणावर म्हशी आडव्या आल्या आणि त्यावर दोघांचे अजून एकमत नाही. माथ्यावर थांबून बॉनेट उघडले. इंजिन तापले होते, नळ्या कोरड्या होत्या, कोठे थेंब नव्हता.

आता कार्यशाळेत दुरुस्त होऊन जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटखाली तसा दोन रकान्यांचा कागद लावलेला असतो. काही गिऱ्हाइकांना तो आवडत नाही. विकताना अडचण येईल, असे ते म्हणतात. मुलगी कागद काढत नाही. फार आग्रह झाला, तर ती त्यांना फियाटचे बॉनेट उघडून दाखवते.